दाराशी दोघी

पद्मजाबाई चक्रनारायण कॅनडातल्या व्हिटबीला मुलाकडे राहायला आल्या तेव्हा ऑक्टोबर संपत आला होता आणि मेपलांवर थोडीच पानं उरली होती. नगरच्या एका मिशन शाळेत त्यांनी हयातभर मराठी शिकवलं होतं. पती शांतवनराव आदल्या वर्षी गेले. त्यानंतर ऋषीने, त्यांच्या एकुलत्या एका मुलाने, फोनवर धोशाच लावला. "आई, आता तिथे एकटी राहायचं नाहीस. मी सुपर व्हिसासाठी, आईवडिलांचा असतो त्यासाठी, अप्लाय करतोय." एअरपोर्टवर घ्यायला येताना त्याने गुडघ्यापर्यंतचं एक जाडजूड जॅकेट बरोबर आणलं आणि लहान मुलाला घालावं तसं ते त्यांना घातलं, चेन गळ्यापर्यंत ओढून.

ऋषी टोरोंटोत एका बँकेत आयटीचं काम करायचा. सकाळी गो ट्रेनने, तिथल्या लोकलने, जायचा, संध्याकाळी यायचा. त्याची बायको जाई नागपूरची, हिंदू घरातली. ती अकाउंट्स बघायची आणि अर्धा आठवडा बेसमेंटमधल्या टेबलावरूनच काम करायची. नात ईरा सात वर्षांची. आजी मराठीत विचारायची, ती इंग्रजीत उत्तर द्यायची, आणि दोघींचं बरं चाललं होतं.

रविवार मात्र पद्मजाबाईंना जड जायचा. या घरात रविवार म्हणजे ईराचा स्विमिंग क्लास, आठवड्याची ग्रोसरी आणि लॉन्ड्री. चर्चचं नाव कुणी काढत नसे. पद्मजाबाईंनीही काढलं नाही. पण नोव्हेंबर संपता संपता नाताळापूर्वीचा आगमनकाळ सुरू झाला. नगरला या दिवसांत मंडळीत, म्हणजे त्यांच्या चर्चमध्ये, गाण्याच्या तालमी चालायच्या, घराघरांतून करंज्या तळल्याचा वास यायचा. त्या रविवारी पद्मजाबाई सकाळी आवरून, पांढरी साडी नेसून खाली आल्या.

"मी जरा चर्चला जाऊन येते," त्या म्हणाल्या. "कोपऱ्यावरून पुढे ते लाल विटांचं आहे ना, तिथे. बोर्ड वाचलाय मी. आपल्या मंडळीच्याच कुळातलं आहे."

जाईने ऋषीकडे पाहिलं. ऋषीने फोनमधून डोकं वर न काढता म्हटलं, "चालत नको जाऊस, घसरशील. सोडतो मी."

त्याने गाडी फूटपाथला लावली. स्वतः उतरला नाही. "संपलं की फोन कर," म्हणाला आणि गेला.

सेंट क्लेमेंट्सचं दार ओक लाकडाचं, वजनदार होतं. पद्मजाबाई ते ढकलायला गेल्या तोच आतून कुणीतरी उघडलं. उंच, काटकुळी, पिंजलेल्या कापसासारख्या केसांची एक म्हातारी समोर उभी होती. अंगात लाल स्वेटर, गळ्यात मोत्यांची माळ. तिने पद्मजाबाईंचे दोन्ही हात हातांत घेतले आणि चोळायलाच लागली.

"किती गार पडलेत! या, आत या. पहिल्यांदाच येताय का? मी मार्जरी."

मराठीच्या बाईंना जे सुचायचं तेच सुचलं. मार्जार म्हणजे मांजर. आणि खरोखरच तिच्या डोळ्यांत हिरवट झाक होती. पद्मजाबाईंना हसू आलं, आणि त्या हसल्या म्हणून मार्जरीही हसली. तिने त्यांचं जॅकेट काढून खुंटीला लावलं, त्यांना पुढच्या बाकावर नेलं आणि शेजारी बसून प्रार्थनेचं पुस्तक उघडून दिलं. पुस्तकाची तशी गरज नव्हती. शब्द इंग्रजी होते, पण पापांची कबुली कुठे, शास्त्रवाचन कुठे, शांतीची सलामी कुठे, सगळं ओळखीच्या जागी होतं. केव्हा उभं राहायचं आणि केव्हा टेकायचं हे पद्मजाबाईंच्या गुडघ्यांना पाठ होतं. वेदीपुढच्या कठड्यापाशी जाऊन त्यांनी प्रभुभोजन, भाकर आणि द्राक्षारस, घेतलं. परत बाकावर आल्या तेव्हा त्यांच्या लक्षात आलं, शांतवनराव गेल्यापासून आज पहिल्यांदा शेजारी कुणीतरी बसलं आहे.

उपासनेनंतर खालच्या हॉलमध्ये कॉफी होती आणि कडा कापलेली अंड्यांची सँडविचेस. एका गृहस्थांनी मोठ्या आदराने विचारलं, "तुम्ही ख्रिस्ती कधी झालात?"

"मी झाले नाही," पद्मजाबाई म्हणाल्या. "माझे पणजोबा झाले. मला कुणी विचारलं नव्हतं."

गृहस्थ गोंधळले. मार्जरी मात्र खळखळून हसली आणि त्यांच्या बशीत आणखी एक सँडविच ठेवलं. तीही शाळेत शिकवायची. दुसरीचा वर्ग, याच गावात.

घरी येऊन पद्मजाबाईंनी जाईला सगळं सांगितलं. त्यांचा चेहरा पाहून जाईलाही बरं वाटलं.

पुढच्या रविवारी मार्जरीने दार उघडलं, दोन्ही हात हातांत घेतले आणि विचारलं, "पहिल्यांदाच येताय का? मी मार्जरी."

पद्मजाबाईंना वाटलं, गर्दीत चूक झाली असेल. गर्दी काही नव्हती. तिसऱ्या रविवारी पुन्हा तेच. नाताळाच्या सकाळी त्या मुद्दाम मोरपंखी साडी नेसून गेल्या. अख्ख्या चर्चमध्ये साडी एकच होती. तरी तेच.

त्या दिवशी संध्याकाळी पोळ्या लाटता लाटता त्या म्हणाल्या, "आपण सगळ्या त्यांना सारख्याच दिसतो वाटतं."

"आई, तुम्ही स्ट्रेट सांगा ना तिला," जाई तव्यावरची पोळी उलटत म्हणाली. "मी असते तर परत पाऊलसुद्धा टाकलं नसतं." मग थोड्या वेळाने, आवाज उतरवून, "पण मी काय बोलणार. मला तर कुणी आत या असंही म्हटलं नव्हतं."

ते खरं होतं. ऋषी आणि जाईचं लग्न ठरलं तेव्हा ऋषीची इच्छा होती की रजिस्टर लग्नानंतर आपल्या मंडळीत नुसता आशीर्वाद तरी व्हावा. तेव्हाचे पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, म्हणाले, मुलीने आधी बाप्तिस्मा घ्यावा, मग बघू. जाई म्हणाली, मी तुमच्या देवाला नमस्कार करेन, पण लग्नासाठी धर्म बदलणार नाही. झालं. आशीर्वाद झाला नाही, आणि ऋषी त्यानंतर चर्चची पायरी चढला नाही. पुढे दोघं कॅनडाला आली, तरी तो तसाच राहिला.

नव्या वर्षातल्या पहिल्या रविवारी मार्जरीने हात पुढे केले तेव्हा पद्मजाबाईंनी आपले हात दिले नाहीत.

"मी नाताळाच्या आधीपासून येतेय," त्या म्हणाल्या. "दर रविवारी तुम्ही मला हेच विचारता."

मार्जरीचे हात तसेच हवेत राहिले. तिच्या चेहऱ्यावर रागही आला नाही, ओशाळलेपणाही नाही. आली ती भीती. शाळेच्या पहिल्या दिवशी आईचा हात सुटलेल्या पोरासारखी ती इकडेतिकडे बघायला लागली. "हो का?" ती पुटपुटली. "हो का? मला माफ करा हं." पद्मजाबाईंनी अशी भेदरलेली तोंडं वर्गात पुष्कळ पाहिली होती. त्यांचा जीव चरकला.

उपासना संपल्यावर पाळकबाई हेदर त्यांना बाजूला घेऊन गेल्या. हेदर पन्नाशीच्या, आखूड केसांच्या, नेहमी घाईत असणाऱ्या. पण त्या दिवशी त्या खुर्ची ओढून नीट बसल्या.

"मी तुम्हाला आधीच सांगायला हवं होतं. मार्जरीची आठवण जात चाललीय. जुनं अजून बरंच आहे, नवं टिकत नाही. ती लहानपणापासून इथली. तिचं लग्न याच चर्चमध्ये झालं, नवऱ्याला निरोपही इथूनच दिला. मूलबाळ नाही. एक पुतण्या आहे, पीटरबरोला. दाराशी उभं राहणं तेवढं तिला अजून जमतं, म्हणून आम्ही ते तिच्याकडेच ठेवलंय."

पुढच्या रविवारी पद्मजाबाई ऋषीला म्हणाल्या, "मला अर्धा तास आधी सोड."

चर्च रिकामं होतं. मार्जरी येऊन पुस्तकं लावत होती. "पहिल्यांदाच येताय का?" तिने विचारलं.

"मी पद्मजा," पद्मजाबाई म्हणाल्या आणि स्वतःच तिचे हात हातांत घेतले.

"पद्मजा. म्हणजे काय?"

"कमळातून जन्मलेली."

"अगंबाई!" असंच काहीसं इंग्रजीत म्हणून मार्जरी इतकी खूश झाली की जणू तिलाच कुणी कमळ दिलं.

मग हे दर रविवारी व्हायला लागलं. नाव, अर्थ, आनंद. आणि उरलेल्या वेळात पद्मजाबाई तिला काही ना काही सांगायच्या. मागच्या रविवारी काय सांगितलं होतं हे लक्षात ठेवायची गरज नव्हती. कधी नगरच्या शाळेतली वात्रट पोरं, कधी ईराने मराठी अंकांना दिलेली नावं. एकदा फेब्रुवारीत, बाहेर बर्फ पडत असताना, त्यांनी शांतवनरावांबद्दल सांगितलं.

"दुपारी झोपून उठले आणि म्हणाले, चहा टाकतेस का? मी टाकला. आलं किसून. कप घेऊन बाहेर आले तर ते खुर्चीत तसेच बसले होते. पण गेले होते."

हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. ऋषीने फोनवर विचारलं होतं, किती वाजता, डॉक्टर कोण होता, आधी छातीत दुखलं होतं का. बाकीच्यांनी म्हटलं होतं, पुण्यवान, त्रास झाला नाही. मार्जरीने विचारलं, "त्या चहाचं काय केलंत?"

पद्मजाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. "प्यायले मी. तिथेच बसून, त्यांच्याशेजारी. मग शेजाऱ्यांना हाक मारली."

"बरं केलंत," मार्जरी म्हणाली आणि त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

एप्रिलमध्ये झावळ्यांचा रविवार आला. ईस्टरच्या आधीचा हा रविवार, हातांत झावळ्या घेऊन सगळे गात चर्चला फेरी मारतात. त्या दिवशी एक नवं फिलिपिनो जोडपं पहिल्यांदाच आलं होतं, बरोबर सहा-सात महिन्यांचं बाळ. आईचं नाव मारिसेल. मार्जरीने दारात त्यांचं स्वागत केलं, बाळासाठी हात पुढे केले, आणि मारिसेलने जॅकेट काढायला म्हणून बाळ क्षणभर तिच्याकडे दिलं. तेवढ्यात फेरी सुरू झाली, झावळ्या वाटल्या गेल्या, लोकांची गर्दी दारातून बाहेर सरकली. मारिसेलने वळून पाहिलं तर मार्जरी नव्हती आणि बाळही नव्हतं.

आधी सगळे म्हणाले, इथेच असेल. मग मारिसेलचा आवाज चढला. कुणी पार्किंगकडे धावलं, कुणी वॉशरूम बघितलं. थंडी अजून सरली नव्हती आणि बाळाच्या डोक्यावर टोपी नव्हती. मारिसेलचा नवरा फोन काढून पोलिसांचा नंबर फिरवत होता.

पद्मजाबाई मात्र पायऱ्या उतरून खाली गेल्या. मार्जरीला जुनं आठवतं, नवं नाही, असं हेदर म्हणाल्या होत्या. खाली हॉलच्या मागे एक छोटी खोली होती. पूर्वी उपासनेच्या वेळी तान्ही मुलं तिथे ठेवायचे. आता तिथे नाताळाचं सामान आणि मोडक्या खुर्च्या होत्या. दार लोटलेलं होतं. आत झुलत्या खुर्चीत मार्जरी बसली होती, बाळ तिच्या लाल स्वेटरमध्ये गुंडाळलेलं, गाढ झोपलेलं.

"शू," मार्जरी म्हणाली. "याची आई वर उपासनेत आहे. आत्ताच डोळा लागलाय."

नंतर कळलं, ती खोली पूर्वी वर्षानुवर्षं तिनेच सांभाळली होती. तिच्या लेखी तिने काहीच चुकीचं केलं नव्हतं.

पद्मजाबाईंनी बाळ घेतलं आणि वर नेलं. मारिसेलने ते हिसकावूनच घेतलं, छातीशी धरलं आणि ती जमिनीवर बसून रडली. मग दोघं नवरा-बायको कुणाशी काही न बोलता निघून गेली. त्यांच्या झावळ्या बाकावर तशाच राहिल्या.

त्या आठवड्यात हेदरनी निर्णय घेतला. मार्जरी आता दाराशी उभी राहणार नाही.

ईस्टरच्या सकाळी मार्जरी नेहमीसारखी येऊन दाराशी उभी राहिली. हेदर तिच्याजवळ गेल्या, तिच्या दंडाला धरून हळूच म्हणाल्या, "आज तू आत बस मार्जरी, पुढच्या बाकावर."

"पण लोक येतील ना."

"दुसरं कुणी बघेल."

"माझं काही चुकलं का?" मार्जरीने विचारलं. हेदरचे डोळे भरून आले होते.

पद्मजाबाई मागेच उभ्या होत्या. "मी उभी राहते तिच्याबरोबर," त्या म्हणाल्या. "बाळ तिच्या हातात जाऊ देणार नाही, आणि तिला नजरेआड होऊ देणार नाही."

हेदरनी त्यांना बाजूला घेतलं. "पद्मजा, माझ्या मनात असून चालत नाही. आता तर सगळे घाबरलेत. दाराच्या कामाला माणूस मंडळीचा सभासद लागतो, आणि पोलीस चेकही लागतो."

"मग करा मला सभासद. आणि पोलिसांकडेही जाते."

हेदर पहिल्यांदाच हसल्या. "सभासद तुम्ही आहातच. तुमची मंडळी आणि आमची नात्यातली आहे, तुम्हाला नव्याने काही व्हायला नको. मी नुसतं नाव लिहिते."

"नुसतं नाव नको," पद्मजाबाई म्हणाल्या. "आमच्याकडे नवा माणूस आला की मंडळीसमोर उभा करतात. सगळे येऊन सलाम करतात. इतके महिने मी पाहुणीसारखी कॉफी पितेय. मला उभं करा."

"शरदात बिशप येणार आहेत. तेव्हा करू," हेदर म्हणाल्या. "दाराचं मात्र पोलीस चेक आलं की लगेच."

जाई त्यांना पोलीस स्टेशनला घेऊन गेली. बोटांचे ठसे घ्यायची वेळ आली नाही, पण खिडकीतल्या तरुण अधिकाऱ्याने गंभीरपणे विचारलं, यापूर्वी कधी अटक झाली आहे का. बाहेर येऊन जाई गाडीत हसून हसून बेजार झाली. "आई, चर्चच्या दारात उभं राहायला पोलिसांचं सर्टिफिकेट! नगरमध्ये सांगा, कुणाला पटणार नाही."

"आता आणखी एका ठिकाणी ने," पद्मजाबाई म्हणाल्या.

मारिसेलचा पत्ता हेदरनी मारिसेलला विचारूनच दिला होता. ती शेजारच्या ओशावा गावाकडे एका अपार्टमेंटमध्ये राहायची. पद्मजाबाईंनी करंज्यांचा डबा नेला होता. जाई म्हणाली, मी गाडीतच थांबते. पण मारिसेलने खाली येऊन दोघींनाही वर नेलं. चटई, घसरगुंडी, वाळत घातलेले इवलेसे मोजे. बाळ रांगत येऊन जाईच्या पायाशी थांबलं आणि जाईने त्याला उचललं.

पद्मजाबाईंनी मार्जरीचं सगळं सांगितलं. ती खोली, ती खुर्ची. "तुम्ही यावं असं सांगायला आले नाही," त्या म्हणाल्या. "तुम्हाला नुसतं कळावं म्हणून आले."

मारिसेल म्हणाली, "मी आठवडाभर हेच काम करते. म्हाताऱ्या माणसांच्या होममध्ये. अशा किती जणींना रोज भरवते मी. दुसऱ्या कुणाचं बाळ असतं तर तिला काय झालंय ते मला लगेच कळलं असतं." तिने बाळाकडे पाहिलं. "आपलं असलं की काही कळत नाही."

परतताना जाई गाडी चालवत होती. सिग्नलला थांबल्यावर म्हणाली, "एका म्हातारीला दारातून काढू नये म्हणून तुम्ही एवढं केलंत. आमच्या वेळी कुणीतरी एवढं करायला हवं होतं, आई."

"आम्ही दोघं गेलो होतो पाळकांकडे," पद्मजाबाई म्हणाल्या. "एकदा नाही, पुन्हा पुन्हा. हे तर शेवटी मंडळीच्या पंचकमिटीसमोर उभे राहिले. म्हणाले, पोरगी सोन्यासारखी आहे, तिला आशीर्वाद देऊन तुमचं काय कमी होणार आहे? कुणी ऐकलं नाही."

जाईने वळून पाहिलं. "बाबा असं म्हणाले? मला कधी कुणी सांगितलं नाही."

"काम झालं नव्हतं. मग सांगायचं काय?"

मागच्या गाडीने हॉर्न दिला. सिग्नल केव्हाचा हिरवा झाला होता.

त्या उन्हाळ्यात सेंट क्लेमेंट्सच्या दाराशी दोघी उभ्या राहायला लागल्या. मार्जरी हात हातांत घ्यायची, पद्मजाबाई नावं लक्षात ठेवायच्या. दार उघडता उघडता त्या हळूच कानात सांगायच्या, "याचं गुडघ्याचं ऑपरेशन झालंय," आणि मार्जरी विचारायची, "गुडघा कसा आहे?" जुनी माणसं त्यावर भारावून जायची, मग पद्मजाबाईंकडे बघून डोळे मिचकावायची. जूनमध्ये मारिसेल आली. बाळ तिने पाठीला पट्ट्याने बांधलं होतं. मार्जरीने त्याच्या पायाला बोट लावलं आणि म्हणाली, "किती गोड! पहिल्यांदाच येताय का?" मारिसेलने एक श्वास घेतला आणि म्हणाली, "हो. पहिल्यांदाच."

ऑक्टोबरात, थँक्सगिव्हिंगच्या, म्हणजे तिथल्या सुगीच्या सणाच्या रविवारी, बिशप आले. खिडक्यांत लाल भोपळे आणि मक्याची कणसं मांडली होती. त्या दिवशी ऋषी गाडीतून उतरला. त्याने टाय लावला होता, आणि तो टाय आवळत तो दाराच्या दोन पायऱ्या खालीच उभा राहिला. जाई पैठणीवर जॅकेट घालून आली होती, ईराचा हात धरून.

मार्जरी पायरी उतरून खाली आली. पद्मजाबाईंनी कानात काही सांगितलं नव्हतं. तिने जाईचे दोन्ही हात घेतले. "आत या," मार्जरी म्हणाली. "तुमच्यासाठी पुढे जागा ठेवलीय." ती सगळ्यांनाच असं म्हणायची. जाई तिच्याबरोबर आत गेली. ऋषी मागोमाग.

बिशपनी पद्मजाबाईंना पुढे बोलावलं आणि मंडळीला विचारलं, या भगिनीला तुम्ही आपली म्हणून स्वीकारता का? सगळे एका आवाजात हो म्हणाले. मग हेदरनी आधीच सांगून ठेवल्यासारखी माणसं बाकांतून उठून आली आणि एकेकाने त्यांच्याशी हात मिळवला. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी, पणजोबांबद्दल ऐकून गोंधळलेल्या त्याच गृहस्थांनी, पाठ करून आणलेला शब्द म्हटला, "सलाम." उच्चार भयंकर होता. पद्मजाबाई हसल्या आणि रडल्याही.

प्रभुभोजनाच्या वेळी जाई उठली. पद्मजाबाईंनी तिला सांगितलं होतं, भाकर घ्यायची नसेल तर हात छातीवर दुमडून उभी राहा, ते नुसता आशीर्वाद देतात, कुणालाही. ती कठड्यापाशी जाऊन तशी उभी राहिली. ईरा तिच्या शेजारी, "मी टू?" असं जरा मोठ्यानेच विचारत. ऋषी बाकावरच बसून होता. मग तोही उठला. त्याला भाकर घेता आली असती, लहानपणीच त्याचं दृढीकरण, प्रभुभोजनात सामील करून घेण्याचा विधी, झालं होतं. पण तो जाईच्या खांद्याला खांदा लावून उभा राहिला आणि त्याने तिच्यासारखेच हात दुमडले. बिशपना काहीच ठाऊक नव्हतं. त्यांनी एक हात हिच्या डोक्यावर ठेवला, एक त्याच्या, आणि दोघांना मिळून एकच आशीर्वाद दिला.

त्या हिवाळ्यात मार्जरी घरात पडली. पुतण्याने तिला पीटरबरोला, आपल्या घराजवळच्या एका होममध्ये नेलं. शेवटच्या रविवारी मंडळीने तिच्यासाठी प्रार्थना केली. कुणासाठी चाललीय हे तिला कळलं नाही, पण तिने सगळ्यांत मोठ्याने आमेन म्हटलं. त्यानंतर दाराशी पद्मजाबाईंबरोबर मारिसेल उभी राहायला लागली. ऋषी दर रविवारी यायचा असं नाही. आला की मागच्या बाकावर बसायचा. जाई कधी यायची, कधी ईराला घेऊन स्विमिंगला जायची. त्याबद्दल घरात कुणी कुणाला काही म्हणत नसे.

महिन्यातून एकदा ऋषी आईला पीटरबरोला घेऊन जायचा. मार्जरी खिडकीशी बसलेली असायची. आता ती फारसं बोलत नव्हती, नावही विचारत नव्हती. पद्मजाबाई तिचे हात घेऊन शेजारी बसायच्या. पहिल्या काही वेळा त्या इंग्रजीतच बोलल्या. मग एकदा, बोलता बोलता शब्द अडला तेव्हा, त्यांनी सरळ मराठीत सुरुवात केली. मारिसेलचं बाळ चालायला लागलं, हेदरना सर्दी झालीय, वरच्या खिडकीतून बर्फाचं पाणी गळतंय, सगळं. मार्जरी ऐकत होती. मधूनच मान हलवत होती, आणि एका ठिकाणी, नेमकं हसायला हवं तिथे, हसली.

पलीकडच्या खुर्चीतल्या आजोबांनी ऋषीला विचारलं, "ही कुठली भाषा?"

"मराठी."

"आणि मार्जरीला ती येते?"

ऋषीने खिडकीकडे पाहिलं. आई हातवारे करून काहीतरी रंगवून सांगत होती.

"येते बहुतेक," तो म्हणाला, आणि स्वतःसाठी एक खुर्ची ओढून त्या दोघींच्या जवळ जाऊन बसला.